नागपूरच्या उन्हात घरची बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मृगाच्या तोंडावर आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास ओळखीपाळखीचे लोक मला हेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे. माझ्याकडे मागच्या अंगणात चार फळझाडं आणि गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत. जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं झाडं मारून शिकलेलं आहे.

नागपुरात भाजीपाल्याचं वर्ष सुरू कधी होतं?

दसऱ्याला. पाडव्याला नाही आणि मृगालाही नाही. बागकामाचे बहुतेक व्हिडिओ पुण्याचे नाहीतर बंगळूरचे असतात. त्यातलं ऐकून आपण मार्चमध्ये टमाटर लावतो, एप्रिलमध्ये ते करपतं आणि आपल्या हाताला गुण नाही असं समजून गप्प बसतो. हाताचा दोष नसतो, वेळ चुकलेली असते. इथला सगळ्यात सुखाचा काळ दसरा ते होळी. पावसाळ्यात वेलभाज्या जोरात येतात, पण तण आणि किडीही तितक्याच जोरात येतात. मे महिना पीक घेण्याचा नसतोच. जे आहे ते जगवलं तरी पुष्कळ.

महिन्यानुसार नेमकं काय पेरायचं?

पहिला पाऊस पडून जमीन निवली की, म्हणजे जूनचा शेवट ते जुलै: भेंडी, चवळी, गवार, दोडका, कारलं, दुधी, कोहळं, अंबाडी, वालाच्या शेंगा. कोचईचे (अळूचे) कंद आणि अद्रक-हळद याच वेळी लावा. अंबाडी एकदा लावली की पोळ्यापर्यंत भाजीला खात्रीने येते. मिरची आणि वांग्याची रोपंही जुलैत लावता येतात.

ऑगस्टच्या मध्यापासून टमाटर, फुलकोबी, पत्ताकोबीचं बी ट्रेमध्ये टाका, मात्र आडोशाला. धो-धो पावसात रोपं कुजतात. सप्टेंबरच्या शेवटी पावसाचा जोर ओसरला की ती कुंडीत किंवा वाफ्यात जातात.

ऑक्टोबर ते डिसेंबर ही खरी लयलूट. मेथी, पालक, मुळा, गाजर, बीट, वाटाणा, लसूण, कांदा, सांभार (कोथिंबीर). मेथी एका महिन्याच्या आत काढायला येते, म्हणून सगळं बी एकदम न टाकता दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं टाका. नाहीतर एका आठवड्यात शेजारीपाजारी वाटत फिरावं लागतं आणि पुढच्या आठवड्यात आपणच जुडी विकत आणतो.

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत उन्हाळी भाज्या: काकडी, ढेमसे, भेंडी, दोडका, चवळी, गवार. ढेमसे घरी लावत नसाल तर एकदा लावून बघाच. बाजारातले ढेमसे बहुतेक जून झालेले असतात. घरचे लिंबाएवढे असतानाच तोडायचे. फेब्रुवारी उलटून गेल्यावर मात्र नवीन पेरणीच्या फंदात पडू नका.

टमाटरला फुलं भरपूर येतात, पण गळून जातात. काय घालू?

काहीही घालू नका. दिवसाचा पारा पस्तिशीच्या पुढे आणि रात्रही उबदार असली की टमाटरचा पराग निकामी होतो, फळ धरत नाही. खत, हार्मोन, ताक, कशानेही ते बदलत नाही. मार्चअखेर ते झाड काढून कंपोस्टमध्ये टाका. मायेने ठेवलं तर त्यावरची पांढरी माशी मिरचीवर जाते. ढोबळी मिरचीचंही हेच.

डिसेंबर-जानेवारीत मात्र फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडत असेल तर कारण वेगळं आहे. पाणी कधी भरपूर, कधी नाहीच, असं झालं की झाडाला कॅल्शियम वेळेवर मिळत नाही. पाणी नेमाने द्या, पुढची फळं नीट येतील.

सांभार उगवतच नाही.

धणे अख्खे टाकले असतील. चपलेने नाहीतर लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर माती कोरडी पडू देऊ नका. एप्रिल-मेमध्ये सांभार महाग होतो तेव्हा सगळ्यांना तो लावायची आठवण होते. तेव्हा तो सावलीतही वीतभर व्हायच्या आत फुलावर येतो.

अंगणात काळी माती आहे. लोक म्हणतात सोन्यासारखी असते. मग झाडं का मरतात?

कापसासाठी ती सोनं आहे. घरच्या झाडासाठी ती अर्धं सोनं, अर्धी डोकेदुखी. काळी माती पाणी धरते आणि फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांनी बारीक मुळं तुटतात. पावसाळ्यात उलटं होतं. इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. माती चिकट होऊन तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. नागपुरात झाडं उन्हाने मरतात असं आपण म्हणतो, पण माझ्या अंगणात पाण्याने जास्त मेली. जुलै-ऑगस्टमध्ये मुळं कुजलेली असतात, झाड मान टाकतं ऑक्टोबरच्या उन्हात आणि खापर फुटतं उन्हावर.

लावण्याआधी एक साधी परीक्षा करा. दीड फूट खोल खड्डा करा आणि पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसत असेल तर त्या जागी झाड खड्ड्यात लावू नका, उंचवट्यावर लावा. फूट-दीड फूट उंच, पसरट ढीग करायचा आणि त्यावर कलम. फार खोल खड्ड्यात रेती-मुरूम भरून वर झाड लावायची पद्धत आहे, ती काळ्या मातीत उलट फसते. चारी बाजूंचं पाणी त्याच खड्ड्यात येऊन साचतं, जणू आपण जमिनीत बादली पुरली.

मातीत नुसती रेती मिसळूनही फार फरक पडत नाही, थोडी असली तर उलट विटेसारखी घट्ट होते. शेणखत, पालापाचोळा आणि थोडा धीर, याने दोन-तीन वर्षांत माती भुसभुशीत होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते तेव्हा पोत्यांनी पानं भरून ठेवा. लोक ती जाळतात. मला ती जाळलेली बघवत नाही.

कुंडीसाठी माती कशी बनवायची? गच्चीवर वजनाची भीती वाटते.

भीती योग्य आहे. ओली काळी माती एका घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. म्हणून गच्चीवर निव्वळ माती नकोच. एक भाग माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, वर मूठभर निंबोळी ढेप. कोकोपीट आधी दोन-तीनदा पाण्यातून काढा, त्यात मीठ असतं. मोठ्या कुंड्या गच्चीच्या मध्यभागी नाही, खाली तुळई किंवा भिंत असेल त्या रेषेवर ठेवा. घर जुनं असेल तर आधी इंजिनिअरला विचारा.

पालेभाजीला ८ इंच खोली पुरते, वांगं-टमाटरला १२ ते १५ इंच.

नवतपात झाडं कशी वाचवायची?

रोहिणी नक्षत्र लागतं २५ मेच्या आसपास आणि पुढचे नऊ दिवस नवतपा. खरं तर तयारी मार्चच्या मध्यापासूनच हवी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि गच्चीची फरशी त्याहूनही तापते. हवेतल्या उन्हापेक्षा कुंडीच्या तापलेल्या भिंतीने मुळं शिजतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

तर पहिलं काम, कुंड्या फरशीवरून उचला. विटांवर, लाकडी फळीवर, कशावरही. दुसरं, त्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि बाहेरच्या रांगेला ओला बारदाना गुंडाळा. काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर ती मोठ्या मातीच्या कुंडीत बसवा आणि मधल्या फटीत पालापाचोळा भरा. पश्चिमेच्या भिंतीपासून सगळं दूर न्या. दुपारी तापलेली भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते.

ग्रीन नेट भाजीला ५० टक्क्यांची (म्हणजे अर्धं ऊन अडवणारी), रोपांना आणि पालेभाजीला ७५ टक्क्यांची. ती डोक्याच्या वर, सात-आठ फुटांवर बांधा, म्हणजे खालून वारा खेळतो. उन्हाळ्यात सिग्नलवर दुचाकीवाल्यांसाठी हिरवी नेट लावतात, तीच गोष्ट झाडांची. आणि पाऊस लागला की ती काढा. दरवर्षी कोणीतरी नेट ऑगस्टपर्यंत तशीच ठेवतं आणि मग भेंडी नुसती उंच का वाढली म्हणून विचारतं.

पाणी पहाटे पाच-सहाला, पोटभर. संध्याकाळी बोट घालून बघा, दोन पेरं खोल माती कोरडी असेल तरच पुन्हा. दुपारी पान मान टाकतं, ते बघून धावत जाऊन पाणी ओतू नका. संध्याकाळी ते आपोआप सावरतं. सावरलं नाही तरच तहान खरी. नळीत साचलेलं पाणी उन्हात उकळल्यासारखं तापतं, आधी ते वाहून जाऊ द्या. मी एकदा पालकाचा अख्खा ट्रे असा भाजला आहे.

मातीवर तीन-चार इंच पाचोळा, उसाचं पाचट किंवा तणस अंथरा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. फळझाडांच्या खोडाला चुना लावा, ऊन थेट सालीवर पडून ती तडकत नाही.

कूलरचं उरलेलं पाणी झाडांना चालतं का?

नागपुरातला हा सगळ्यात नागपुरी प्रश्न! कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मात्र टाकीतच राहतात. ताट्यांवर (कूलरच्या गवती पडद्यांवर) पांढरा थर जमतो तो याचाच. रोज नवीन पाणी भरत गेलात आणि आठ दिवसांनी तळाचं काढलंत तर ते नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं, त्यात बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका. ते रोपांना, पालेभाजीला, लिंबू-संत्र्याला घालू नका. कडुनिंब, बोगनवेल, अंगणातला सीताफळ यांना तिप्पट-चौपट साध्या पाण्यात मिसळून अधूनमधून चालेल. आरओमधून वाया जाणाऱ्या पाण्यालाही हाच नियम. कूलरची टाकी आणि कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या करा. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

नागपुरात राहून घरी संत्रा नाही, हे बरं दिसतं का? लावावा का?

जागा असेल तर जरूर लावा, पण हौसेची किंमत समजून. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते आपल्या अंगणाला मिळालेलं नाही. शेतात दोन झाडांत २० फूट अंतर ठेवतात. भिंतीला चिकटून दहा बाय दहाच्या कोपऱ्यात ते झाड कधी खूश राहणार नाही. कुंडीतला संत्रा दिसतो छान, फळ मात्र तोंडी लावण्यापुरतं.

कलम जूनअखेर ते ऑगस्टमध्ये लावा. खड्डा अडीच फूट लांब-रुंद-खोल, मेमध्येच खणून उन्हात तापू द्या. पाणी न जिरणाऱ्या जागी मात्र वर सांगितलेला उंचवटाच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोळा भरलेली (कलम जोडलेली) जागा, जिथे खोडाला हलकं वळण असतं, ती जमिनीच्या वीतभर वर राहिली पाहिजे. ती मातीत गेली की डिंक्या आलाच म्हणून समजा. खोडातून डिंक गळतो, साल सडते, झाड पिवळं पडत जातं. त्यासाठी पाणी खोडाला लागू द्यायचं नाही. खोडाभोवती एक लहान आळं कोरडं ठेवायचं आणि त्याच्या बाहेर दुसरं आळं करून पाणी फक्त बाहेरच्यात सोडायचं. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करा. लोखंडी बादली वापरू नका.

पाच वर्षांनी फळ आलं, पण जाड सालीचं आणि भयंकर आंबट. नर्सरीने फसवलं का?

असेलही, पण आधी खोडाकडे बघा. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लाईमच्या खुंटावर, म्हणजे या आंबट लिंबांच्या मूळझाडावर, भरलेला असतो. डोळ्याच्या खालून फुटवा आला आणि आपण कौतुकाने वाढू दिला, की तो खुंटच झाड होऊन बसतो आणि वरचा संत्रा मरतो. माझ्याकडे हेच झालं. मी तीन वर्षं जंबेरीला खतपाणी घातलं आणि झाड जोमात आहे म्हणून पाहुण्यांना दाखवत होतो. डोळ्याखालचा प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच बोटाने मोडून काढा. जंबेरीची फळं वाया जात नाहीत, लोणच्याला बरी लागतात.

संत्र्याला ताण कधी द्यायचा?

ताण म्हणजे फुलोरा यावा म्हणून काही दिवस पाणी तोडणं. झाड पाच वर्षांचं होईपर्यंत तो देऊच नका. मग दोन वाटा आहेत. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात, थंडीही मदतीला असते. फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळ दिवाळीच्या आगेमागे. मृग बहार धरायचा तर मेमध्ये पाणी तोडायचं, पहिल्या पावसावर फुलं येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये.

माझं मत मृगाच्या बाजूने आहे. आंबियाची फळं आख्खा मे महिना झाडावर सांभाळावी लागतात, पाणी एक दिवस चुकलं की खाली सडा. शिवाय फेब्रुवारी-मार्चची गारपीट आपल्याकडे नवीन नाही, ती नेमकी आंबियाच्या फुलोऱ्यावर येते. मृगाचं फळ गोडही जास्त. मात्र जूनमध्ये पाऊस लांबला की तोही हुकतो. शेजारच्या लॉनचं पाणी मुळांपर्यंत येत असेल तर ताण बसतच नाही, मग कितीही नक्षत्रं बघा.

नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. नत्र कमी आहे का?

नाही. नत्र कमी असेल तर आधी जुनी पानं सरसकट पिवळी पडतात. नवीन पानांत हिरव्या शिरांची जाळी दिसली तर बहुधा लोहाची कमतरता. आपल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर, तिच्यामुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अडीच ग्रॅम चुना अशी फवारणी सकाळी करा, पंधरा दिवसांनी पुन्हा. मुळाशी पाणी साचलेलं असेल तर आधी त्याची वाट काढा, नाहीतर फवारा व्यर्थ.

लिंबाची पानं कोण खातं?

फुलपाखराच्या अळ्या. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून नजरेतून सुटतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. रोज सकाळी वेचा. पानांवर, फळांवर खरबरीत तपकिरी फोड असतील तर तो खैऱ्या. त्या फांद्या कोरड्या दिवशी छाटून घराबाहेर न्या.

अंगण छोटं आहे. एकच झाड लावायचं तर कोणतं?

कागदी लिंबू. दुसरं लावता आलं तर सीताफळ. मुरमाड जागेत, कमी पाण्यात, कुठलीही तक्रार न करता फळतं. पेरूत सरदार चांगला, पण दरवर्षी छाटायला हवा आणि पावसाळी फळात अळ्या निघतात, हिवाळ्यातलंच फळ खायचं. पपई लवकर फळते, मात्र बुंध्याला एक रात्र पाणी साचलं तरी जाते. आंब्यात केशर, दशहरी, लंगडा इथे जमतात. हापूसचा हट्ट धरू नका. शेवगा लावाच, पण घरापासून आणि तारांपासून दूर. त्याचं लाकूड ठिसूळ, मृगाच्या वादळात पहिली फांदी त्याचीच पडते.

दोडक्याला, कारल्याला फुलं येतात पण फळ धरत नाही.

सुरुवातीची फुलं नर असतात, वाट बघा. मागे इवलंसं फळ असलेलं फूल ते मादी. मधमाशा फिरकत नसतील तर नर फूल तोडून मादीवर हलकेच टेकवा. कारलं, काकडी, कोहळ्याचं हे काम सकाळी करायचं. दोडका आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा दिवेलागणीला जा. धरलेलं फळ वाकडं होऊन सडत असेल तर फळमाशी. वेलभाज्यांसाठी क्यू ल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या वासाचा) सापळा टांगा. आंबा-पेरूला मात्र मिथाइल युजेनॉलचा लागतो, दुकानदार अनेकदा अदलाबदल करतो.

औषध न मारता कीड कशी घालवायची?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबतीचा पुतळा मिरवत रोगराई ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतो, पण मारबत पिठ्या ढेकूण नेत नाही. त्याला जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्याने घासूनच काढावं लागतं आणि आधी मुंग्या बंद कराव्या लागतात, कारण त्याच त्याला इकडून तिकडे नेतात.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना निंबोळी अर्क. पावसाच्या सुरुवातीला निंबोळ्या पडतात तेव्हा वेचा, गर काढून सावलीत वाळवा. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळून एक लिटर करा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी त्याच दिवशी मारून संपवा. जुना अर्क आणि नुसतं पाणी यात फरक नाही.

संत्र्याच्या साली कंपोस्टमध्ये टाकू का?

साध्या कंपोस्टमध्ये टाका, बारीक तुकडे करून आणि कोरड्या पानांबरोबर. गांडूळखताच्या टाकीत मात्र ढीगभर नको, सालीतलं तेल गांडुळांना सोसत नाही.

मे महिन्यात आठ दिवस गावाला जायचं आहे.

शेजाऱ्याला किल्ली द्या आणि येताना त्याच्यासाठी काहीतरी घेऊन या. ते शक्य नसेल तर अंगणात झाडाजवळ साधं भाजलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि झाकण ठेवा. पाणी झिरपत राहतं. रंग लावलेलं मडकं चालत नाही. कुंड्या सगळ्या सावलीच्या कोपऱ्यात गोळा करून पाचोळ्यात गळ्यापर्यंत बुडवा. पालेभाजी वाचणार नाही, ती जायच्या आधीच खाऊन टाका.

कलमं कुठून आणायची?

संत्रा-लिंबासाठी अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत आधी चौकशी करा, तिथे रोगमुक्त कलमं तयार होतात. महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालयही विचारण्याजोगं. खासगी नर्सरीत गेलात तर फळं लगडलेलं कलम घेऊ नका, ते फक्त विकण्यासाठी लगडवलेलं असतं. पिशवीच्या तळातून मुळं गुंडाळून बाहेर आलेली असतील तर परत ठेवा. आणि डोळा दाखवायला सांगा. दाखवता आला नाही तर दुसऱ्या दुकानात जा.